वाघिणीची उजवी बाजू

नागपूरला जाऊन आले म्हटलं की मिरजेत लोक दोनच गोष्टी विचारतात: संत्री आणली का, आणि ऊन कसं होतं. मी तिथे रानटी जनावरांची हृदयं बघायला गेले होते, असं सांगितलं की समोरचा जरा मागे सरकतो. म्हणून तोंडी सांगायचा नाद मी सोडला आणि लिहायला बसले.

माझा धंदा डॉक्टरी पुस्तकांसाठी चित्रं काढण्याचा. मिरजेत दगड भिरकावला तर तो दवाखान्यावर तरी पडतो नाहीतर डॉक्टरवर, त्यामुळे कामाला तोटा नाही. माणसाचं हृदय मी इतकी वर्षं काढतेय की हातात पेन्सिल नसली तरी बोट आपोआप त्या वळणानं फिरतं. याचा मला तोरा होता, तो का लपवू.

नागपूरची डॉ. प्रज्ञा ही पशुवैद्य. जनावरांची शरीररचना शिकवते आणि सवड काढून शहराबाहेरच्या एका वन्यजीव उपचार केंद्रात काम करते. एका पुस्तकाच्या निमित्तानं आमची फोनवर ओळख झाली होती. तिला मराठीत एक चित्रमय पुस्तक करायचं होतं: आपल्या जंगलातल्या मांसाहारी जनावरांची हृदयं, एकमेकांशेजारी ठेवून. म्हणाली, "ताई, आमच्या पोरांले वाघाच्या छातीचं धड चित्र सापडत नाही. कुत्र्यामांजराच्या चित्रावर भागवून राहिले. तुम्ही याच. खाण्यापिण्याची फिकर माझी." तिच्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून मी गेले.

धंतोली

प्रज्ञानं माझी सोय धंतोलीतल्या एका लॉजवर केली होती. मिरजेची असूनही मी चक्रावले. गल्लीत शिरावं तर प्रत्येक दाराशी डॉक्टरची पाटी, पाटीखाली औषधाचं दुकान, दुकानासमोर सरबतवाला, आणि सगळीकडे हातात मोठाली एक्स-रेची पाकिटं घेतलेली माणसं. यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर, साऱ्या विदर्भाचं दुखणं इथे मुक्कामाला येतं. आमच्याकडे नातेवाईक पेशंटजवळ मूग गिळून बसतात. इथे जिन्यात बसलेली अनोळखी माणसं एकमेकांना ऑपरेशनं सविस्तर सांगत होती आणि डबे वाटून खात होती.

लॉजच्या मालकानं नाव लिहून घेताना विचारलं, "पेशंट कोण आहे?"

प्रवासानं माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "वाघ."

त्यानं मान वर केली नाही. "कोणत्या डॉक्टरले दाखवून राहिले?"

मग मला सगळं सांगावं लागलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे हार्टचीच केस ना. मग तुमाले सकाळी कमी तेलाचा नाश्ता देतो."

सकाळी तर्रीपोहे आले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा आणि त्यावर बोटभर तेल तरंगत होतं. आमच्या मिसळीचा कट खाऊन वाढलेली बाई मी, पण दोन घासांत कानशिलं तापली. मी विचारलं, हा कमी तेलाचा का? तो म्हणाला, "कमीच आहे ताई. जास्तीचा त्या टेबलवर बघा." मी बघितलं आणि मुकाट्यानं आपला संपवला.

बरण्या

प्रज्ञा भेटली ती हातात डबा घेऊनच. पस्तिशीची, उंच, भराभर चालणारी. तिच्या विभागात मागच्या बाजूला एक लांबलचक खोली आहे, तिथे काचेच्या बरण्यांमध्ये हृदयं ठेवली आहेत. म्हातारी होऊन पिंजऱ्यात मेलेली, गाडीखाली आलेली, विहिरीत पडलेली जनावरं. औषधाच्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रज्ञानं तिथेच टेबलावर डबा उघडला, वांग्याची भाजी पुढे सरकवली आणि म्हणाली, "घ्या ना. वासाची सवय होते." अस्वलाच्या हृदयाशेजारी मी पोळी मोडून बसले. मला अजून पटत नाही की मी जेवले.

आणि मग धक्क्यांमागून धक्के सुरू झाले. वाघाचं हृदय बघून तर मी दुसरी बरणी मागितली, कारण मला वाटलं ही बछड्याची असावी. आपण जन्मभर वाघाच्या काळजाच्या गोष्टी ऐकतो, आणि एवढ्या धिप्पाड जनावराला हे एवढंसं? शेजारी रानकुत्र्याचं होतं. कुत्रा तो केवढा, पण त्याच्या अंगाच्या मानानं हृदय चांगलं भरघोस.

"साधी गोष्ट आहे," प्रज्ञा म्हणाली. "रानकुत्रे धावून धावून सावजाले दमवतात. त्यांना मोठा पंप लागतो. वाघ दबा धरून बसतो, दोन झेपा घेतो, जमलं तर जमलं, नाहीतर दम लागून बसून जातो."

मला वाघाचा राग आला. मग माझ्याच अडाणीपणाचा आला. मी पेन्सिल काढून कामाला लागले.

थोड्या वेळानं प्रज्ञा माझ्या खांद्यामागून वाकून म्हणाली, "ताई, ही तिसरी कुठून आणली?"

हृदयातून जी मोठी धमनी निघते तिची वर कमान होते. माणसात त्या कमानीतून डोक्याकडे आणि हातांकडे तीन फाटे जातात. वाघ, बिबट्या, कुत्रा, अस्वल या सगळ्यांत दोनच. बरणीत दोन होते, मी दोनच बघत होते, आणि कागदावर तीन काढले होते. मी खोडरबर घेतलं. डोळ्यासमोरचं सोडून हातानं आपलं जुनंच खरं केलं होतं.

"होते असं," प्रज्ञा हसली. "माझे विद्यार्थी उलटं करतात. माणसाले दोन काढतात."

पुढचे दिवस मी प्रत्येक फाटा मोजत काढला. कुत्रा, तरस, अस्वल, रानकुत्रा, प्रत्येकाच्या छातीचा मोठा तक्ता केला. पशुवैद्यांची रीत अशी की जनावर आडवं काढायचं, तोंड डावीकडे, म्हणजे बघणाऱ्याला डावी कूस दिसते. चारही तक्ते भिंतीवर ओळीनं लावल्यावर जनावरं एकामागून एक चालली आहेत असं वाटायचं. मला ती ओळ फार आवडली.

वाघासाठी मात्र प्रज्ञानं मला एका मोठ्या हौदाशी नेलं. त्यात औषधात बुडवून ठेवलेला एक बिबट्या होता, उजव्या कुशीनं उघडलेला. वाघाची छाती याच्यासारखीच, फक्त मोठी, असं ती म्हणाली. माणसाची छाती पाटासारखी पसरट, तर यांची नावेसारखी अरुंद आणि खोल. हृदय खाली, छातीच्या हाडाजवळ. आणि उजव्या फुप्फुसाला नेमकी तिथे एक मोठी खाच असते, त्यामुळे तेवढ्या जागेत हृदय आणि बरगड्या यांच्यामध्ये काहीच येत नाही.

"हृदयाभोवती पाणी साचलं तर सुई इथून घालायची," तिनं हातमोज्याचं बोट खाचेवर टेकवलं. "डावीकडून फुप्फुस आडवं येते. अन् हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या पण तिकडेच. म्हणून वाघाचा तक्ता मले उजव्या बाजूचा पाहिजे." मी त्याचं कच्चं चित्र तिथेच काढून घेतलं.

खापा

रविवारी प्रज्ञा मला तिच्या माहेरी खाप्याला घेऊन गेली. कन्हान नदीच्या काठचं गाव, बसकी कौलारू घरं, मधूनच एखादं नवं दुमजली. तिची आई दारातच उभी होती. मला बघून म्हणाली, "आल्या का डिराइंगवाल्या बाई? या, बसा." घरात बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं, आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा असा वास की मी खुर्चीवर न बसता सरळ आत गेले.

गोळाभात होता. हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं. आमच्याकडे भातावर तूप धार धरून घालतात. इथे आईंनी पळी उपडी केली. मी "बस, बस" म्हणेपर्यंत दुसरी पडली होती.

जेवताना आईंनी लेकीला विचारलं, "वाघाचं काळीज केवढं राहते वं?"

प्रज्ञानं दोन मुठी जोडून दाखवल्या.

"बस? एवढंच? अन् मी उगीच भिऊन राहिली जलमभर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी कोनाचंबी काळीज मोजते. माया बीपीचं विचार म्हटलं तर टाइम नाही इले."

प्रज्ञा हसायला लागली आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. उपचार केंद्रातल्या अक्षय या तरुण डॉक्टरचा होता. जंगलातून एक वाघीण आणली होती. धापा टाकत होती, उठत नव्हती. छातीवर सोनोग्राफीचं मशीन लावलं तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी दिसलं.

परतीच्या वाटेवर प्रज्ञानं मला ते समजावलं. पिशवी पाण्यानं फुगली की हृदयाला फुलायला जागा उरत नाही, ते आतल्या आत आवळलं जातं. पाणी काढलं नाही तर वाघीण जाणार. काढायचं तर भूल द्यायला हवी, आणि अशा हृदयाला भूल फार वेळ सोसत नाही. "अक्षय इंजेक्शन मारून जनावर पाडण्यात पक्का आहे, पण अशी नाजूक भूल त्यानं कधी सांभाळली नाही, अन् अशी सुई पण कधी घातली नाही," ती म्हणाली. "मले भुलेकडे बघावं लागेल, सुई त्यालेच घालावी लागेल. ताई, वाघाचा तक्ता उद्या होईल का? तिथल्या खोलीत लावून ठेवू."

मी म्हटलं, होईल.

तक्ता

सोमवारी दिवसभर मी तेच केलं. बिबट्याच्या कच्च्या चित्रावरून, मापं वाढवून, वाघिणीची छाती. काम छान उतरलं. खाचेतून दिसणारं हृदय तर असं जिवंत आलं की मीच पुन्हा पुन्हा बघत राहिले.

फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपत होती. उजवी कूस दाखवायची म्हणून वाघिणीचं तोंड उजवीकडे आलं होतं. भिंतीवरच्या ओळीत चौघं डावीकडे चालले होते आणि ही एकटी त्यांच्या अंगावर धावून येत होती. पुस्तकाच्या पानांवरही तसंच दिसणार. मी चित्र काचेवर उलटं ठेवलं, खालून दिवा लावला आणि नव्या कागदावर उतरवून घेतलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. कोपर पलटतो, गुडघा पलटतो, पानावर जिकडे शोभेल तिकडे तोंड करतो. मग सुवाच्य अक्षरात वर लिहिलं: वाघ, छातीची उजवी बाजू.

प्रज्ञा दिवसभर केंद्रातच होती. संध्याकाळी ती घरी परतल्यावर केंद्राची गाडी आली, ड्रायव्हरनं गुंडाळी नेली, आणि मी पुडाची वडी खायला बाहेर पडले. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात आणि तिचं सारण भरून ही वडी तळतात. मी तीन खाल्ल्या. इतकं हलकं मला त्या मुक्कामात कधी वाटलं नव्हतं.

केंद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञानं मला सोबत घेतलं. बुटीबोरीच्या रस्त्यानं शहर मागे टाकलं की आत वळून हे केंद्र लागतं.

वाघीण पिंजऱ्यात बसली होती, मान पुढे ताणून, कोपरं अंगापासून बाहेर काढून. तोंड उघडं होतं आणि प्रत्येक श्वासाला सगळं अंग कामाला लागत होतं. मला डरकाळीची धास्ती होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. तिची देखभाल करणारे देवराव जाळीजवळ उकिडवे बसून तिला समजावत होते, "पानी पे वं माय. दोन घोट तरी पे. काहून असं करून राहिली?" सासरहून दुखणं घेऊन आलेल्या लेकीशी बोलावं तसं ते वाघिणीशी बोलत होते.

प्रज्ञानं मला दाराजवळची जागा दाखवली आणि बजावलं, "ताई, आत आवाज नाही. भुलेतल्या वाघाचे कान चालू राहतात. कितीही काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही."

अक्षयनं इंजेक्शन मारलं. वाघीण आडवी झाल्यावर सहा जणांनी तिला कापडाच्या झोळीतून आणलं आणि टेबलावर ठेवलं. भिंतीवर माझा तक्ता होता. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, तिचं तोंड डावीकडे केलं, पाय आपल्या बाजूला घेतले आणि तिला अगदी चित्रासारखी निजवली. मला, देवाशपथ, अभिमान वाटला. डोळ्यांवर फडकं आलं. प्रज्ञा मागाहून आली ती थेट डोक्याशी, भुलेच्या नळीकडे आणि ठोके-श्वास दाखवणाऱ्या काट्यांकडे. अक्षयनं मशीननं कुशीवरचे केस काढले. चौकोनी, गुलाबी कातडी उघडी पडली. त्यानं तिथे सोनोग्राफीचा दांडा टेकवला.

पडद्यावर त्याला हवं ते येईना. त्यानं दांडा वर सरकवला, खाली सरकवला. तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा वाघिणीकडे पाहिलं. खुणेनंच मदतनिसाकडून जाड सुई मागून घेतली. मीही त्याच्या नजरेमागून तक्त्याकडे पाहिलं, वाघिणीकडे पाहिलं. दोन्ही तंतोतंत जुळत होतं. जुळायला नको होतं. तोंड डावीकडे आणि पाय आपल्याकडे म्हणजे वर आली ती डावी कूस. वरती माझ्याच अक्षरात उजवी बाजू असं लिहिलं होतं, पण चित्र समोर असताना अक्षरं कोण वाचतं? शिवाय हृदय डावीकडे असतं हे शाळेतलं पोरही सांगेल, मग शंका तरी कुणाला यावी?

मला ओरडायचं होतं आणि मी ओरडले नाही. बोलायचं नाही हे तर होतंच, पण ते कारण नव्हे. ओरडलं की चूक माझी, हे सगळ्यांसमोर मान्य करावं लागणार होतं. अक्षयनं बरगड्यांमधली जागा चाचपली. सुई त्याच्या हातात होती. हृदयाच्या सगळ्या मोठ्या रक्तवाहिन्या मला तिथे, त्या गुलाबी चौकोनाखाली, काढल्यासारख्या दिसत होत्या.

"ही डावी आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "चित्र उलटं आहे. मी उलटं केलंय."

वाघिणीचा कान हलला. टेबलाभोवतीचे सगळे थिजले. प्रज्ञानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ती विसरणार नाही, मग तक्त्याकडे, मग टेबलाकडे. तिनं अक्षयचं मनगट धरलं आणि तळहात हवेत फिरवला. पालटा.

एवढ्या जड जनावराला, तेही अशा हृदयाच्या, कुशीवरून कुशीवर फिरवणं म्हणजे जुगारच. झोळी धरून त्यांनी तिला फिरवली. ठोक्यांचा आकडा खाली गेला, आणखी खाली गेला, प्रज्ञाच्या कपाळावर घाम आला. पुन्हा केस काढले. पुन्हा दांडा. या खेपेला अक्षयनं लगेच मान हलवली. सुई आत गेली आणि नळीतून लालसर पाणी यायला लागलं. येतच राहिलं. तांब्याभर तरी असेल.

सगळं आटोपून वाघिणीला पिंजऱ्यात परत नेल्यावर प्रज्ञा बाहेर आली. तिनं मास्क काढला आणि विचारलं, "काहून केलं, ताई?"

"ओळीत बरं दिसावं म्हणून."

चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं आत जाऊन तक्ता उतरवला, चार घड्या घातल्या आणि गाडीत ठेवला. मला लॉजवर सोडताना एवढंच म्हणाली, "पाणी पुन्हा भरते की नाही, ते उद्या समजेल."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मालकानं दार वाजवून विचारलं, "पेशंट कसं आहे?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. तो मान डोलावून गेला. त्या गल्लीत हे उत्तर रोज ऐकायला मिळतं.

सकाळी फोन आला नाही, म्हणून मी रिक्षा करून स्वतःच केंद्रावर गेले. प्रज्ञा आणि अक्षय आत कामात होते. देवराव जाळीजवळ उभे होते, आणि वाघीणही उभी होती. तोंड मिटलेलं, श्वास सावकाश. ती पाण्याच्या कुंडाकडे चालत गेली, तिथून वळली, आणि तिच्या दोन्ही कुशी मला एकामागून एक दिसल्या. पट्ट्यांच्या मध्ये उजवीकडे एक भादरलेला चौकोन आणि त्यात सुईची लहानशी जागा. डावीकडे तेवढाच चौकोन, आणि त्यात काहीच नाही.

देवराव आदल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत नव्हते. ते तिला म्हणत होते, "दोनी कडून काहून भादरलं वं तुले?" मग माझ्याकडे वळले. "काहून जी, ताई?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चित्र, ओळ, काच, दिवा, काहीच गाळलं नाही. माझं काही चुकलं की मी आधी सारवासारव करते, हा माझा स्वभाव. त्या वेळी ती सुचलीच नाही.

देवरावांनी ऐकून घेतलं. "मले काहून सांगता?" ते म्हणाले. "तिले सांगा."

आणि ते खरंच दोन पावलं बाजूला झाले, मला जाळीजवळ जागा करून. मी पुढे गेले. वाघीण कुंडावर वाकून पाणी पीत होती, तिची डावी कूस माझ्याकडे होती, आणि मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.